चेंडू कोणाचा, आणि केव्हापासून? शालेय अमेरिकन फुटबॉलमधील किकवरचे दंड

शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर दिवे लागलेले असतात. चौथ्या डाऊनवर एक संघ चेंडू उंच आणि लांब मारतो, समोरचा खेळाडू तो झेलून सातआठ यार्ड पळतो आणि पडतो. टाळ्या थांबतात तेव्हा मैदानाच्या मध्यावर एक पिवळा रुमाल पडलेला दिसतो. मुख्य पंच प्रशिक्षकाशी दोन शब्द बोलतो, चेंडू उचलतो आणि जिथे झेल घेतला तिथेही नाही, जिथे खेळाडू पडला तिथेही नाही, तर तिसऱ्याच जागी नेऊन ठेवतो. आमच्या न्यू जर्सीतल्या बाकांवर बँडमधल्या मुलांचे मराठी आईबाप बसलेले असतात. एकदिवसीय क्रिकेटमधील पॉवरप्लेचे नियम तोंडपाठ असलेली ही माणसे या क्षणी एकमेकांकडे पाहतात आणि मग कोणीतरी म्हणतो, ‘यांचे पंच मनाला येईल ते करतात.’ पंच मनाला येईल ते करत नाहीत. मात्र किकच्या खेळात दंडाची जागा ठरवण्याची रीत इतर खेळींपेक्षा निराळी आहे आणि ती कोणी समजावून सांगितल्याशिवाय नुसते पाहून कळणे अवघड आहे.

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत शालेय फुटबॉल ज्या नियमांनी खेळला जातो, ते इंडियानापोलिस येथील राष्ट्रीय शालेय क्रीडा महासंघ तयार करतो. टेक्सास हा त्याला मोठा अपवाद आहे. तेथील सरकारी शाळा महाविद्यालयीन नियमावलीच्या आधाराने खेळतात, त्यामुळे डॅलस किंवा ह्युस्टनमध्ये राहणाऱ्या वाचकांनी पुढील मजकूर आपल्या मैदानाला जसाच्या तसा लावू नये. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या व्यावसायिक सामन्यांचे नियम तर आणखी वेगळे आहेत. रविवारी घरी पाहिलेले नियम शुक्रवारच्या मैदानावर शोधणे, हे गोंधळाचे अर्धे कारण असते.

आधी दोनचार गोष्टी पक्क्या करू. मैदान १०० यार्ड लांबीचे असते, आणि दोन्ही बाजूंच्या गोलरेषेपासून मध्याकडे ५० पर्यंत आकडे वाढत जातात. म्हणून ‘स्वतःच्या ३० वर’ याचा अर्थ आपण राखत असलेल्या गोलरेषेपासून ३० यार्डांवर. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला १० यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात आणि त्या प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात. तीन डाऊनमध्ये काम झाले नाही, तर चौथ्याला धोका न पत्करता चेंडू दूर मारून द्यायचा, म्हणजे पंट करायचा. नियमपुस्तकात किक मारणाऱ्या संघाला ‘के’ आणि ती घेणाऱ्या संघाला ‘आर’ हे अक्षर दिलेले आहे. पंचही आपसात याच अक्षरांनी बोलतात, आणि येथेही तीच वापरतो.

किक दोन जातींच्या असतात. सामन्याच्या किंवा उत्तरार्धाच्या आरंभी, तसेच गुण मिळवल्यानंतर चेंडू जमिनीवरच्या टेकूवर ठेवून जी मारतात ती फ्री किक. दोन्ही संघ समोरासमोर उभे असताना मधल्या खेळाडूने चेंडू मागे देऊन म्हणजे स्नॅप करून जी मारली जाते ती स्क्रिमेज किक. पंट आणि फील्ड गोल, म्हणजे गुणांसाठी खांबांमधून मारलेली किक, हे दोन्ही तिच्यात येतात. दोन्ही जातींत एक विचित्र अवस्था उद्भवते. इतर खेळींत चेंडू कोणाचा आहे हे स्पष्ट असते, परंतु किक हवेत असताना चेंडू प्रत्यक्षात कोणाच्याच हातात नसतो. तो थोड्याच वेळात ‘आर’चा होणार हे सर्वांना ठाऊक असते, पण झालेला नसतो. किकवरच्या दंडांचे जवळजवळ सगळे गणित या चार सेकंदांच्या अधांतरी काळाभोवती फिरते. म्हणून पंच स्वतःला दोन प्रश्न विचारतो: नियमभंग किक संपण्याआधी झाला की नंतर, आणि खेळी संपल्यावर पुढचा चेंडू कोण खेळणार आहे. किक ‘संपते’ ती एखाद्या खेळाडूने चेंडू झेलून वा जमिनीवरून उचलून ताब्यात घेतला की, अथवा चेंडू मृत झाला की. नुसता हात लागून चेंडू निसटला तर किक चालूच राहते.

हे दोन प्रश्न सुटावेत म्हणून पंचांजवळ दोन वस्तू असतात, आणि प्रेक्षक त्यांतली एकच पाहतात. पिवळा रुमाल पडला म्हणजे नियमभंग झाला. दुसरी वस्तू म्हणजे मूठभर दाणे भरल्यासारखी दिसणारी, बहुधा निळी किंवा पांढरी, छोटी कापडी पिशवी. तिचा नियमभंगाशी काही संबंध नाही, ती फक्त जागा लक्षात ठेवण्यासाठी असते. पाच पंचांच्या चमूत सर्वांत मागे उभ्या असलेल्या पंचाकडे पंटच्या वेळी पाहावे. तो चेंडू घेणाऱ्या खेळाडूच्या थोडा मागे आणि बाजूला उभा असतो. चेंडू वर चढतो तेव्हा सगळे मैदान मान वर करून पाहते, हा मात्र त्या खेळाडूच्या हातांकडे पाहत असतो, कारण हात वर गेला की नाही यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे. झेल पूर्ण होताच तो कमरेची पिशवी काढून त्या रेषेवर टाकतो आणि मगच पळणाऱ्याच्या मागे धावतो. टाळ्यांच्या आवाजात ती पिशवी गवतावर पडलेली कोणाच्या ध्यानातही येत नाही, पण मघाशी म्हटलेली ‘तिसरीच जागा’ पुष्कळदा तिच्यावरूनच मोजलेली असते.

आता एक खेळी धरून चालू. ‘के’ संघ स्वतःच्या ३० वर आहे, चौथा डाऊन आहे आणि ८ यार्ड हवे आहेत. पंट ४५ यार्ड जातो आणि ‘आर’चा खेळाडू स्वतःच्या २५ वर झेल घेऊन ३२ पर्यंत पळतो. चेंडू हवेत असतानाच ‘आर’च्या दुसऱ्या एका खेळाडूने स्वतःच्या ३५ वर प्रतिस्पर्ध्याचा अंगरखा धरून त्याला अडवले. याला होल्डिंग म्हणतात आणि त्याचा दंड १० यार्ड आहे. प्रश्न असा की हे १० यार्ड कोठून मोजायचे?

जुन्या पद्धतीने किक हा मोकळ्या चेंडूचा खेळ, आणि मोकळ्या चेंडूच्या वेळी झालेल्या नियमभंगाचा दंड खेळी जिथून सुरू झाली तिथून, म्हणजे ‘के’च्या ३० वरून लागे. तिथून १० यार्ड पुढे म्हणजे ‘के’चा ४०. त्याला हवे होते ८, मिळाले १०. म्हणजे नवा पहिला डाऊन आणि चेंडू पुन्हा ‘के’कडेच. ज्या संघाने ‘आम्हाला जमले नाही, घ्या चेंडू’ म्हणून तो मारून दिला, त्याला ३५ यार्ड दूर घडलेल्या एका धरपकडीमुळे चेंडू परत मिळे. हा दंड गुन्ह्याच्या मानाने फारच जबर होता, शिवाय किक पुन्हा मारावी लागली तर खेळाडूंची तीच भरधाव टक्कर पुन्हा घडवून आणल्यासारखे होई. शालेय नियमांत २००३ मध्ये हे बदलले. तेव्हापासून अशा नियमभंगांसाठी किक जिथे संपली ती जागा मोजणीची जागा मानली जाते, आणि चेंडू ‘आर’कडेच राहतो. पंच आणि प्रशिक्षक या ‘पोस्ट-स्क्रिमेज किक’ तरतुदीचा उल्लेख तिच्या तीन आद्याक्षरांनी, ‘पीएसके’ म्हणून करतात.

आपल्या उदाहरणात किक ‘आर’च्या २५ वर संपली, तिथे पिशवी पडलेली आहे. होल्डिंग ३५ वर, म्हणजे पिशवीच्या पुढे झाले, म्हणून १० यार्ड पिशवीपासून मागे मोजायचे आणि चेंडू ‘आर’च्या १५ वर ठेवायचा. पळून कमावलेले ७ यार्डही गेले. तेच होल्डिंग पिशवीच्या मागे, समजा ‘आर’च्या १८ वर झाले असते, तर मोजणी पिशवीपासून न होता जिथे नियमभंग झाला तिथून झाली असती. १८ मधून १० वजा करून ८ येतात, पण येथे आणखी एक नियम आड येतो: कोणताही दंड गोलरेषेपर्यंतच्या उरलेल्या अंतराच्या निम्म्याहून अधिक असू शकत नाही. म्हणून १८ च्या निम्मे, म्हणजे ९ वर चेंडू. पंट गोलरेषा ओलांडून गेला असता तर? शालेय नियमांत किक ‘आर’च्या गोलरेषेपलीकडे गेली की चेंडू तत्क्षणी मृत होतो. याला टचबॅक म्हणतात आणि चेंडू २० वर येतो. व्यावसायिक खेळाडूंप्रमाणे तो गोलरेषेमागच्या भागातून, म्हणजे एंड झोनमधून, बाहेर काढत पळण्याची सोय येथे नाही. अशा वेळी किक २० वर संपली असे धरून तिथून दंड मोजतात.

या तरतुदीला अटी आहेत, आणि शंका नेमक्या त्या अटींपाशी येतात. किक स्क्रिमेज किक असली पाहिजे, चेंडूने दोन संघांमधला पट्टा ओलांडलेला असला पाहिजे, नियमभंग ‘आर’ने त्या पट्ट्याच्या पलीकडे, म्हणजे आपल्या गोलच्या बाजूला, आणि किक संपण्यापूर्वी केलेला असला पाहिजे, आणि खेळी संपल्यावर पुढचा चेंडू ‘के’कडे जाणार नसला पाहिजे. यशस्वी फील्ड गोल आणि टचडाऊननंतरचा, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेल्यानंतरचा, जादा गुणाचा प्रयत्न यांना ती लागू नाही. वेळेची अट सर्वांत फसवी आहे. पाठीत ढकलण्याचा तोच नियमभंग झेल होण्याच्या अर्धा सेकंद आधी झाला तर पिशवीवरून हिशोब, आणि अर्धा सेकंद नंतर झाला तर तो साध्या धावेतला नियमभंग. समजा धाव ४० पर्यंत गेली आणि झेलानंतर ‘आर’च्या खेळाडूने ३३ वर एकाला पाठीत ढकलले, तर ३३ वरून १० यार्ड मागे, म्हणजे २३. म्हणूनच रुमाल टाकणाऱ्या पंचाला सहकारी पहिला प्रश्न ‘कोणी केले’ हा विचारत नाहीत, ‘तेव्हा चेंडू कुठे होता’ हा विचारतात.

पट्ट्याच्या पलीकडे ही अट कशासाठी, हे किक मारणाऱ्या खेळाडूकडे पाहिले की समजते. पंट करणारा मुलगा एक पाय डोक्याच्या उंचीवर, दुसऱ्या पायाच्या चवड्यावर, पूर्ण उघडा उभा असतो. त्या अवस्थेत कोणी अंगावर आले तर गुडघा गेलाच म्हणायचा. त्याच्यावर धडकून जाण्याचे दोन प्रकार नियम ओळखतात. धडकेने त्याची जागा हलली, पण ती दांडगाईची नव्हती, तर ५ यार्ड. दांडगाईची असेल तर १५ यार्ड आणि अंतर कितीही राहिलेले असो, ‘के’ला आपोआप पहिला डाऊन. हे पट्ट्याच्या अलीकडे, ‘के’च्या बाजूला घडते, म्हणून येथे पिशवी निरुपयोगी, दंड खेळीच्या मूळ जागेवरूनच लागतो.

या दोहोंतली रेषा मुख्य पंच काढतो. तो पांढरी टोपी घालून किक मारणाऱ्याजवळ थांबतो आणि चेंडू गेला तरी त्याच्या पायाकडे पाहत राहतो, कारण तो तोल सावरेपर्यंत त्याचे संरक्षण चालू असते. सर्व धडका दंडनीय नसतात. ‘आर’च्या खेळाडूने चेंडूला हात लावून किक अडवली आणि त्या झेपेत तो आदळला, तर दंड नाही. ‘के’च्याच खेळाडूने त्याला ढकलत आणून आपल्या माणसावर टाकले, तरी नाही. संपर्क किरकोळ असला आणि त्याला काही अंशी मारणाऱ्याची स्वतःची हालचाल कारणीभूत असली तरी नाही. शिवाय किक होणार हे पुरेसे स्पष्ट नसेल तर संरक्षणही नाही. अलीकडे रग्बीच्या धर्तीवर बाजूला पळत जाऊन पंट करण्याची पद्धत शाळांतही रुजली आहे आणि तीमुळे हा शेवटचा मुद्दा दर आठवड्याला वादाचा होतो. पळत सुटलेला मुलगा किक मारणार की तसाच पुढे धावणार, हे बचाव करणाऱ्याने ओळखायचे कसे? माझ्या मते नियमाने येथे झुकते माप बचाव करणाऱ्याला दिले आहे ते योग्यच आहे. पळणाऱ्याला दोन्ही वाटा मोकळ्या ठेवायच्या असतील, तर धडकेचा धोकाही त्याने घ्यावा.

५ यार्डांचा दंड मिळाला तरी प्रशिक्षक तो घेईलच असे नाही. आपल्या उदाहरणात तो घेतला तर ‘के’च्या ३५ वर पुन्हा चौथा डाऊन आणि ३ यार्ड हवेत, म्हणजे बहुधा पुन्हा पंट. पहिला पंट छान पडला असेल तर शहाणा प्रशिक्षक दंड नाकारून गप्प बसतो. मुळात ५ किंवा त्याहून कमी यार्ड हवे असतील तर मात्र याच दंडाने पहिला डाऊन मिळतो. म्हणून चौथ्या डाऊनवर २ किंवा ३ यार्ड उरले असता ‘के’ पंटच्या रचनेत उभा राहून आवाजाच्या चढउताराने समोरच्याला चकवून पट्ट्यात पाऊल टाकायला लावण्याचा प्रयत्न करतो. शालेय नियमांत स्नॅपपूर्वी पट्ट्यात शिरणे म्हणजे खेळ तिथेच बंद आणि ५ यार्ड दंड; दूरचित्रवाणीवर दिसते तशी ‘फुकटची खेळी’ पुढे चालू राहत नाही. स्नॅप करणाऱ्यालाही संरक्षण असते. डोके दोन पायांमध्ये घालून मागे पाहत असल्यामुळे त्याला समोरून येणारा दिसत नाही, म्हणून किकच्या रचनेत त्याच्यावर थेट चाल केल्यास १५ यार्ड आणि पहिला डाऊन.

‘के’च्या नियमभंगांचे गणित पूर्वी वेगळ्या कारणाने कष्टाचे होते. पंटच्या वेळी कडेने धावत येणारा ‘के’चा खेळाडू आपणहून सीमारेषेबाहेर गेला आणि परत आत येऊन खेळात सामील झाला, तर १५ यार्ड दंड आहे. पूर्वी ‘आर’ला दोनच वाटा होत्या: दंड घ्यायचा तर किक पुन्हा, नाहीतर दंड सोडून द्यायचा. चांगली धाव हातची घालवून पुन्हा किक मारायला कोण लावणार? त्यामुळे असे नियमभंग बिनशिक्षेचे सुटत. २०१८ पासून किकदरम्यान ‘के’ने केलेल्या नियमभंगाचा दंड खेळी संपली त्या जागेवरून लावून घेण्याचा पर्याय ‘आर’ला मिळाला. आपल्या उदाहरणात धाव ३२ वर संपली, तेव्हा ‘आर’ने एक तर ‘के’ला १५ वर मागे नेऊन पुन्हा किक मारायला लावावे, नाहीतर ३२ मध्ये १५ मिळवून स्वतःच्या ४७ वर चेंडू घ्यावा. बहुतेक जण दुसरे निवडतात.

झेलाच्या वेळी होणारा अडथळा मात्र या पर्यायातून वगळून स्वतंत्र ठेवला आहे. हवेतला चेंडू झेलण्यासाठी उभ्या असलेल्या खेळाडूला ‘के’ने स्पर्श करायचा नाही आणि चेंडूपर्यंतची त्याची वाटही अडवायची नाही. त्याने ‘मी झेल घेऊन पळणार नाही, मला पाडू नका’ अशी हात वर करून खूण केली होती की नाही, याचा येथे संबंध नाही. बाकांवरून ‘त्याने खूण कुठे केली होती’ अशी जी ओरड होते, ती चुकीच्या समजुतीतून होते. खूण न करताही झेल निर्वेधपणे घेण्याचा त्याला हक्क आहे. खूण न केल्याने फरक एवढाच पडतो की झेल हातात आल्यानंतरच्या क्षणी त्याला पाडता येते. अडथळा आला तर ‘आर’ला निवड मिळते: ‘के’ला मूळ जागेवरून १५ यार्ड मागे नेऊन पुन्हा किक, किंवा अडथळा झाला त्या जागेपासून १५ यार्ड पुढे जाऊन तिथे झेल घेतला असे धरून चेंडू. २५ वर अडवले असेल तर ४० वर.

खूण कशी करावी हेही नियमात आहे. एक हात डोक्यावर पूर्ण सरळ करून दोन्ही बाजूंना हलवायचा. अर्धवट वर केलेला किंवा कोपरात वाकलेला हात ही अवैध खूण ठरते आणि तिचा दंड ५ यार्ड. हे काटेकोरपणाचे वेड वाटेल, पण धावत येणाऱ्या मुलाला वीस यार्डांवरून ती खूण वाचून आपला वेग आवरायचा असतो, आणि खूण मोघम असेल तर तो आवरणार नाही. खूण केलेल्या खेळाडूने चेंडूला हात लावला नसेल, तर किक संपेपर्यंत त्याने कोणाला अडवायचेही नाही. मी खेळणार नाही असे सांगून समोरच्याला सैल करायचे आणि मग त्याच्यावर जायचे, हा दगा १५ यार्डांचा आहे. खूण करून घेतलेल्या झेलाला फेअर कॅच म्हणतात, आणि त्यानंतर ‘आर’ला एक हक्क मिळतो जो मी अजून कोणाला वापरताना पाहिलेला नाही: त्याच जागेवरून फ्री किक मारून खांबांमधून चेंडू घालवला तर फील्ड गोलचे ३ गुण.

सामन्याच्या आरंभीची किक ‘के’च्या ४० वरून मारली जाते. तिच्यावरचे बरेचसे नियम रचनेचे आहेत आणि रचनेचा हेतू टकरींचा वेग कमी करणे हा आहे: मारणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना किमान चार खेळाडू हवेत, मारणारा सोडून इतर कोणी रेषेच्या ५ यार्डांहून मागून धावत यायचे नाही, आणि चेंडू १० यार्ड जाईपर्यंत ‘के’ने समोरच्यांना ढकलायला सुरुवात करायची नाही. २०१७ मध्ये एक चलाखीही बंद झाली. टेकूवरचा चेंडू मारताच जमिनीवर असा आपटायचा की तो एक टप्पा खाऊन सरळ टेकूवरून मारल्यासारखा उंच उडेल. टप्पा पडलेला असल्यामुळे फेअर कॅचचे संरक्षण नाही, आणि वर पाहत उभ्या असलेल्या मुलावर चौघेपाचजण तुटून पडणार. आता अशी किक मारली की खेळ लगेच थांबतो.

किक सीमारेषेबाहेर गेली की मात्र प्रशिक्षकांना बेरीज करावी लागते. ‘आर’चा स्पर्श न होता चेंडू दोन्ही गोलरेषांच्या मध्ये कडेने बाहेर गेला, तर ‘आर’ला चार पर्याय आहेत: ‘के’ला ५ यार्ड मागे नेऊन पुन्हा किक, जिथे बाहेर गेला तिथून ५ यार्ड पुढे, किक मारली त्या जागेपासून २५ यार्डांवर, म्हणजे ‘के’च्या ४० वरून मारली असेल तर ‘आर’च्या ३५ वर, किंवा दंड सोडून जिथे बाहेर गेला तिथेच. चौथा पर्याय कोणी घेत नाही. उरलेल्यांत ३० ची रेषा हे काट्याचे ठिकाण आहे. चेंडू ‘आर’च्या २८ वर बाहेर गेला तर ५ मिळवून ३३ होतात, त्यापेक्षा सरळ ३५ घ्यावे, ४५ वर बाहेर गेला तर ५ मिळवून थेट मध्यरेषा गाठावी. कर्णधार पंचासमोर गोंधळून उभा राहिला की प्रशिक्षक कडेवरून बोटांनी आकडे दाखवताना दिसतात, ते हेच.

फील्ड गोलबद्दल थोडक्यात एवढेच, की शालेय नियमांत हुकलेला फील्ड गोल हा पंटसारखाच असतो. तो आखूड पडून ५ वर घरंगळत राहिला तर चेंडू जिवंत आहे. गोलरेषा ओलांडली तर २० वर येतो, आणि व्यावसायिक सामन्यांतल्याप्रमाणे किक मारल्या जागी परत जात नाही. मघाची पिशवीवरून मोजणीची रीतही त्याला लागू होते.

शेवटी पिशवीचा दुसरा उपयोग. किकचा चेंडू ‘आर’ने शिवण्याआधी ‘के’ने शिवला, म्हणजे फ्री किकमध्ये १० यार्ड जाण्याआधी किंवा पंटमध्ये पट्ट्याच्या पलीकडे, तर त्याला प्रथम स्पर्श म्हणतात. हा नियमभंग नाही, म्हणून रुमाल पडत नाही. पंच तिथे पिशवी टाकतो आणि खेळ चालू राहतो. त्या पिशवीचा अर्थ असा की पुढे काहीही घडो, ‘आर’ला त्या जागेवर चेंडू मागण्याचा हक्क आहे. समजा पंट ‘आर’च्या १२ वर उसळत आहे, ‘के’च्या खेळाडूने तो हाताने थोपवला पण पकडला नाही, आणि ‘आर’च्या एका चाणाक्ष मुलाने तो उचलून धाव घेतली. ही धाव बिनजोखमीची आहे. ३० वर त्याच्या हातून चेंडू निसटला आणि ‘के’ने त्याच्यावर झडप घातली, तरी ‘आर’ शांतपणे १२ वरची पिशवी दाखवतो आणि चेंडू परत घेतो. ‘के’चे पालक उभे राहून आरडाओरडा करतात, आणि नियम ठाऊक नसेल तर तो आरडाओरडा अगदी रास्त वाटतो.

परंतु हा हक्क जाण्याच्याही दोन वाटा आहेत. चेंडूला हात लावल्यानंतर त्याच खेळीत ‘आर’ने स्वतः नियमभंग केला, किंवा खेळीतल्या कोणत्याही नियमभंगाचा दंड स्वीकारला गेला, तर हक्क संपला. त्याच धावेत २० वर ‘आर’च्या दुसऱ्या मुलाने उत्साहाच्या भरात एकाला पाठीत ढकलले असेल, तर ३० वर निसटलेला चेंडू ‘के’चाच. ‘के’चा प्रशिक्षक दंड नाकारतो, चेंडू ‘के’कडे राहतो, आणि मागचा पंच १२ वर जाऊन आपली पिशवी उचलतो आणि कमरेला खोचतो.